बिनतिकिटाचे लंडन

वेस्टमिन्स्टर ॲबी, सेंट पॉल कॅथीड्रल आणि टॉवर ऑफ लंडन या तीनच वास्तूंची प्रौढांसाठीची तिकिटे एकत्र केली, तर रक्कम माणशी ऐंशी पौंडांच्या पुढे जाते, आणि मुंबई-पुण्याहून गेलेल्या चौघांच्या कुटुंबाला पहिल्याच दिवशी खर्चाची वही उघडावी लागते. याच शहरात व्हॅन गॉगची सूर्यफुले, रोझेटा शिला, मॅग्ना कार्टाची तेराव्या शतकातील प्रत, टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आणि रेम्ब्रांने उतारवयात रंगवलेले स्वतःचे चित्र पाहण्यासाठी मात्र एक पेनीही लागत नाही. ही मोकळीक शहराच्या अंगभूत औदार्यातून आलेली आहे, अशी पर्यटकांची सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात तिचा जवळजवळ प्रत्येक भाग कोणीतरी न्यायालयात भांडून, संसदेकडून कायदा करून घेऊन, मृत्युपत्रात अट घालून किंवा बांधकाम परवान्याच्या मोबदल्यात सौदा करून मिळवलेला आहे. तो कसा मिळवला गेला, याचा परिणाम आजही दाराशी जाणवतो: काही ठिकाणी पाहुणा हक्काने आत जातो, काही ठिकाणी त्याच्यावर मेहेरबानी केली जाते, आणि काही ठिकाणी त्याला मोफत आत घेणाऱ्याचा डोळा त्याच्या खिशावर असतो. हा फरक ज्याला कळतो, त्याला पैसे न खर्चता लंडन अधिक चांगले पाहता येते.

संग्रहालयांचे दार

ब्रिटिश म्युझियमची सुरुवात सर हान्स स्लोन या डॉक्टराच्या मृत्युपत्रापासून झाली. सुमारे 71,000 वस्तूंचा आपला संग्रह वारसांना 20,000 पौंड मिळण्याच्या अटीवर राष्ट्राला देण्याची व्यवस्था त्याने केली होती. 1753 साली तो मरण पावल्यावर संसदेने कायदा करून संस्था स्थापन केली, आणि तिजोरीतून एवढा पैसा काढण्याऐवजी सरकारने चक्क सोडत काढून तो उभा केला. 15 जानेवारी 1759 रोजी दार उघडले तेव्हा प्रवेश निःशुल्क होता. तरीही आधी लेखी अर्ज करावा लागे, परवानगी मिळायला वाट पाहावी लागे आणि ठरावीक गटाबरोबर दालनांतून घाईने फिरावे लागे. कामाच्या दिवशी रिकामा वेळ असलेल्यालाच हे शक्य होते. म्हणजे पैसे घेतले जात नव्हते हे खरे असले, तरी सामान्य कामगाराला ते दार पुढची कित्येक वर्षे बंदच होते. स्लोनच्या संपत्तीचा एक भाग पत्नीकडून आलेल्या जमैकातील मळ्यांचा होता, आणि त्या मळ्यांवर गुलाम राबत होते. दालनांमध्ये अमरावतीच्या स्तूपावरील शिल्पपट्ट आहेत, अथेन्सच्या पार्थेनॉनवरील मूर्ती आहेत. आजच्या पाहुण्याला फुकट दिसणाऱ्या या वस्तूंची किंमत दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या कुठेतरी मोजलेली आहे.

विनामूल्य प्रवेशाची परंपरा अखंड आहे असेही नाही. 1974 च्या जानेवारीत एडवर्ड हीथ यांच्या सरकारने राष्ट्रीय संग्रहालयांना शुल्क घ्यायला लावले, पण सरकार बदलताच मार्चअखेर ते मागे घेतले गेले. पुढे 1980 च्या दशकात, सार्वजनिक संस्थांनी स्वतःचा खर्च स्वतः भागवावा असे वारे वाहू लागले, तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने 1985 साली दाराशी ऐच्छिक देणगी मागायला सुरुवात केली, 1987 साली नॅचरल हिस्टरी म्युझियमने आणि 1988 साली सायन्स म्युझियमने सरळ तिकीट लावले. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि टेट या संस्थांनी मात्र शुल्क लावण्यास नकार दिला. लहान मुलांना 1999 साली, साठीपुढील नागरिकांना त्याच्या पुढच्या वर्षी आणि सर्वांना 1 डिसेंबर 2001 पासून प्रवेश पुन्हा मोकळा झाला.

या शेवटच्या टप्प्यावरची खरी अडचण कराची होती, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ब्रिटनमधील मूल्यवर्धित कराच्या नियमानुसार जी संस्था तिकीट विकते ती व्यवसाय करते असे मानले जाते, त्यामुळे खरेदीवर भरलेला कर तिला परत मिळतो. आपल्याकडील जीएसटीतील इनपुट क्रेडिटसारखीच ही व्यवस्था आहे. जी संस्था काहीच विकत नाही तिला हा परतावा मिळत नव्हता. दार मोकळे ठेवणारे संग्रहालय अशा रीतीने दोनदा गमावत होते, एकदा तिकिटाचे उत्पन्न आणि पुन्हा कराचा परतावा. 2001 साली कायद्यात दुरुस्ती होऊन विनामूल्य प्रवेश देणाऱ्या ठरावीक संग्रहालयांना करपरतावा मिळू लागला, आणि त्यानंतरच तिकीट काढून टाकणे विश्वस्तांना परवडले. पूर्वी शुल्क घेणाऱ्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या भेटींची संख्या पुढील दहा वर्षांत दुपटीहून अधिक झाली.

या मोकळिकीला एक मर्यादा आहे. कायमस्वरूपी संग्रह मोफत असतो, पण काही महिन्यांपुरत्या भरवलेल्या विशेष प्रदर्शनाला बहुधा तिकीट असते, आणि त्याचेच फलक सर्वांत मोठे असल्यामुळे नवखा माणूस ते काढूनच आत जायचे असते असे समजतो. दाराशी पिशव्या तपासल्या जातात, रांग लांब असते, आणि आत शिरताच कार्ड टेकवून पैसे घेणारी देणगीपेटी समोर येते. देणगी ऐच्छिक आहे. तिच्याकडे न पाहता पुढे जाणाऱ्याला कोणी अडवत नाही. संकेतस्थळावरून वेळेचे मोफत तिकीट आधी घेऊन ठेवले तर रांगेचा त्रास कमी होतो.

या प्रचंड संस्थांपेक्षा मृत्युपत्राच्या अटींवर चालणाऱ्या लहान वास्तू अधिक रंजक आहेत. लिंकन्स इन फील्ड्स या चौकाजवळ राहणारा वास्तुविशारद सर जॉन सोन याचे मुलाशी पटत नव्हते. घर आणि त्यातील शिल्पे, चित्रे, नकाशे, एवढेच काय इजिप्तच्या राजाची दगडी शवपेटीदेखील मुलाच्या हाती जाऊ नये, म्हणून त्याने 1833 साली संसदेकडून आपल्या घरापुरता खास कायदा करून घेतला: मृत्यूनंतर सारे शक्य तितके जसेच्या तसे ठेवावे आणि लोकांना पाहू द्यावे. 1837 साली तो वारला, आणि घर आजही विनामूल्य खुले आहे. आत मोजकेच लोक सोडतात, त्यामुळे बाहेर उभे राहावे लागते. चित्रांच्या छोट्या खोलीत भिंतीलाच बिजागऱ्या आहेत, आणि सेवक ती दाराच्या फळ्यांप्रमाणे उघडतो तेव्हा आतल्या बाजूस टांगलेली चित्रे दिसू लागतात. हॉगार्थने रंगवलेली एका उधळ्या तरुणाच्या अधःपाताची आठ चित्रांची मालिका याच खोलीत आहे. मुलावरच्या रागातून लोकांना मिळालेली ही देणगी व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या दक्षिण केन्सिंग्टनमधील भव्य दालनांपेक्षा सरस ठरते, कारण येथे पाहणाऱ्याचा पाय आपोआप मंदावतो.

दक्षिण केन्सिंग्टनचा मराठी वाचकाशी संबंध मात्र जवळचा आहे. 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स दर हंगामात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतील चित्रांच्या मोठ्या कापडावर प्रतिकृती करवून घेत. त्या लंडनला पाठवल्या गेल्या आणि 1885 साली तेथे लागलेल्या आगीत त्यांतील बऱ्याच जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृतीही 1866 साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. उरलेली चित्रे व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या संग्रहात आहेत, पण रोजच्या दालनांत ती भेटतील असे नाही. याच संस्थेने 2025 च्या मे महिन्याअखेर पूर्व लंडनमधील स्ट्रॅटफर्ड येथे आपले कोठारच लोकांसाठी उघडले. तेथे आगाऊ नोंदणी करून कोणालाही कोठारातील वस्तू मागवता येते आणि कर्मचाऱ्यासमोर बसून जवळून पाहता येते, तीही विनाशुल्क. काचेच्या पेटीआडून पाहण्याला कंटाळलेल्या अभ्यासू प्रवाशाने अर्धा दिवस येथे घालवावा.

वाचनकक्ष आणि प्रिमरोज हिल

ब्रिटिश म्युझियमच्या मधल्या चौकात सिडनी स्मर्क याने रचलेला, 1857 साली उघडलेला गोल वाचनकक्ष आहे. त्याचा घुमट सुमारे 140 फूट व्यासाचा आहे, आणि कार्ल मार्क्सपासून अनेक परागंदा विद्वानांनी त्याच्याखाली पुस्तके चाळली. परवानापत्र असलेल्याला तेथे विनामूल्य बसता येई. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे शिकत असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1920 ते 1923 या काळात याच ग्रंथालयात आणि इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात दिवसचे दिवस बसत. जेवणावरचा खर्च वाचवून अभ्यास करणाऱ्या त्या विद्यार्थ्याची हकिगत मराठी चरित्रांमधून सर्वपरिचित आहे. शिष्यवृत्ती आणि मित्रांची मदत तुटपुंजी असताना फी न घेणारे ग्रंथालय ही सोय म्हणण्यापेक्षा शिक्षणाची अटच होती.

ग्रंथसंग्रह 1990 च्या दशकाच्या अखेरीस सेंट पँक्रस येथील ब्रिटिश लायब्ररीच्या नव्या इमारतीत गेला आणि इंडिया ऑफिसची कागदपत्रेही आता तेथेच आहेत. ओळख आणि पत्त्याचा पुरावा दाखवून तेथील वाचकपत्र आजही विनामूल्य मिळते. मॅग्ना कार्टाची प्रत ठेवलेल्या दालनात जायला तर त्याचीही गरज नाही.

बाबासाहेब ज्या घरात 1921-22 मध्ये राहिले, ते 10, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने 2015 साली विकत घेतले. निवासी वस्तीतील घराचे स्मारक करण्यास स्थानिक प्रशासनाने परवानगी नाकारली होती, शेजाऱ्यांनी वर्दळीची आणि गोंगाटाची तक्रार केली होती, चौकशी बसली होती, आणि अखेर मार्च 2020 मध्ये ब्रिटिश मंत्र्याने परवानगी दिली. आता तेथे प्रवेशशुल्क न देता जाता येते. घर लहान आहे, रस्ता शांत आहे, आणि शेजाऱ्यांच्या आक्षेपाचा इतिहास लक्षात घेता भेट देणाऱ्या मोठ्या गटांनी फाटकाबाहेर घोषणा टाळणे इष्ट ठरेल. येथून थोडे चालले की प्रिमरोज हिल ही टेकडी लागते. 1842 पासून लोकांना खुली असलेल्या या टेकडीवरून सेंट पॉलचा घुमट दिसतो, आणि तो दिसत राहावा म्हणून मधल्या पट्ट्यातील इमारतींच्या उंचीवर नियोजनाचे बंधन आहे. रस्त्यांच्या पातळीवरून न दिसणारा हा नियम टेकडीवर उभे राहिल्यावर लगेच समजतो.

शहरभर घरांच्या भिंतींवर दिसणाऱ्या निळ्या गोल फलकांची योजना 1866 साली सुरू झाली. व्यक्तीच्या निधनाला वीस वर्षे झालेली असावीत आणि तिच्या वास्तव्याची मूळ इमारत उभी असावी, या तिच्या आजच्या मुख्य अटी आहेत. हाउली प्लेस येथे लोकमान्य टिळकांचा आणि हायगेट भागातील क्रॉमवेल अव्हेन्यूवर, जेथे इंडिया हाउस होते त्या घरावर, वि. दा. सावरकरांचा फलक आहे. घरे खासगी असल्यामुळे आत जाता येत नाही, पण रस्त्यावरून फलक वाचायला कोणाची परवानगी लागत नाही.

कुंपणाविरुद्ध बिअरवाला

लंडनच्या काही मोठ्या बागांना राजेशाही उद्याने म्हणतात, कारण त्यांतील बहुतेक मुळात राजांच्या शिकारीच्या जमिनी होत्या. हाइड पार्क पहिल्या चार्ल्सने 1637 साली लोकांना खुले केले, आणि त्याच वर्षी त्याच राजाने रिचमंड येथे शिकारीसाठी विटांची लांबलचक भिंत घालून लोकांच्या वापरातील जमीन आत घेतली. पायी जाणाऱ्यांच्या वाटा मात्र त्याने चालू ठेवल्या होत्या. शतकानंतर राजकन्या अमेलिया उद्यानाची प्रमुख झाली, तेव्हा तिने मर्जीतल्या मोजक्या लोकांखेरीज सर्वांना दार बंद केले. रिचमंडमध्ये बिअर गाळणारा जॉन लुईस हा व्यावसायिक मुद्दाम फाटकाशी गेला, पहारेकरणीने अडवल्यावर त्याने दावा दाखल केला, आणि 1758 साली न्यायालयाने पायवाटेचा हक्क मान्य केला. फाटक हवे की भिंतीवर शिड्या, असे न्यायाधीशाने विचारले तेव्हा लुईसने शिड्या मागितल्या अशी कथा आहे, कारण फाटकाला पुन्हा कुलूप लागू शकते. आज त्या उद्यानात हरणांचे कळप मोकळे चरतात. तेथील एका उंचवट्यावरून सेंट पॉलचा घुमट दहा मैलांवरून झाडीतल्या फटीतून दिसतो, आणि हेही दृश्य नियमाने राखलेले आहे.

उत्तरेकडील हॅम्पस्टेड हीथ हे माळरान जमीनमालकाला घरबांधणीसाठी हवे होते. अनेक वर्षांच्या संघर्षानंतर 1871 साली ते लोकांसाठी विकत घेतले गेले. त्याच्या कडेला असलेल्या केनवुड हाउसमध्ये गिनेस कुटुंबातील लॉर्ड आयव्ही याने 1927 साली मृत्युपत्राने दिलेली चित्रे आहेत. सुरुवातीस उल्लेखिलेले रेम्ब्रांचे आत्मचित्र तेथे टांगलेले आहे, आणि त्याच संग्रहात व्हर्मेअरची गिटार वाजवणारी मुलगीही आहे. या चित्रांपुढे कामाच्या दिवशी क्वचितच गर्दी असते, त्यामुळे लंडनमधील सर्वोत्तम विनामूल्य तासांमध्ये त्यांची गणना करायला हरकत नाही.

हाइड पार्कच्या ईशान्य कोपऱ्यातील वक्त्यांची जागा भाषणस्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून जगभर सांगितली जाते. 1866 साली मताधिकाराची मागणी करणाऱ्या रिफॉर्म लीगला सभा घेण्यास मनाई झाली, तेव्हा जमावाने लोखंडी कुंपण उखडून आत प्रवेश केला, आणि 1872 च्या कायद्याने उद्यानात सभांना जागा देण्याचे अधिकार व्यवस्थापनाकडे सोपवले. कायद्याने भाषणाचा वेगळा हक्क दिला असे नव्हे, सभा कोठे घ्यावी एवढीच व्यवस्था लावून दिली. रविवारी दुपारी तेथे छोट्या शिडीवर किंवा खोक्यावर उभे राहून धर्म, राजकारण आणि जगबुडीवर बोलणारे लोक दिसतात. ध्वनिक्षेपकाला परवानगी नसल्यामुळे वक्त्याला आपल्या फुप्फुसांवर आणि टोमणे मारणाऱ्यांना उत्तर देण्याच्या हजरजबाबीपणावर भिस्त ठेवावी लागते. तात्त्विक उंचीची अपेक्षा धरून जाणाऱ्याची निराशा होईल, पण करमणूक भरपूर आहे.

उद्यानात गवतावर बसणे मोफत आहे, कापडी आरामखुर्चीवर बसण्याचे भाडे लागते. खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसणाऱ्याकडे भाडे मागणारा माणूस येतो. अशा भाड्यांतून, उपाहारगृहांतून आणि उन्हाळ्यातील मोठ्या सशुल्क मैफलींतून उद्यानांचा बराचसा खर्च निघतो, आणि त्या मैफलींसाठी हाइड पार्कचा मोठा भाग काही आठवडे पत्र्यांनी बंद होतो. विनामूल्य उद्यान चालवण्यासाठी त्याचाच तुकडा वेळोवेळी विकावा लागतो ही व्यवस्था अजब आहे, आणि तिच्यावर शेजारचे रहिवासी दरवर्षी नाराज असतात.

नदी ओलांडण्याचा हक्क

पर्यटकांच्या पुस्तकांत टेम्स नदीवरील सशुल्क जलसफरींची माहिती पानोपान असते, पण पूर्वेकडील वुलिच येथे 1889 पासून चालणारी मोफत नौका त्यांत क्वचितच सापडते. ती मोफत का आहे, याचे उत्तर पश्चिम लंडनमध्ये आहे. तेथील पूल खासगी कंपन्यांचे होते आणि त्यांवर पथकर लागे. 1877 च्या कायद्यानंतर महानगर मंडळाने ते पूल विकत घेऊन पथकर काढून टाकला, आणि त्यासाठीचा पैसा साऱ्या शहराच्या करांतून आला. नदीच्या पूर्व भागात पूलच नव्हते. गोद्यांमध्ये राबणाऱ्या पूर्वेकडच्या लोकांनी विचारले की पश्चिमेचे पूल आमच्या पैशाने मोकळे झाले असतील, तर आम्हाला नदी फुकट ओलांडता का येऊ नये? या प्रश्नाला नाही म्हणणे कठीण होते. 1885 च्या कायद्याने मोफत नौकेची तरतूद झाली, आणि शहराची गटारयोजना उभारणारा अभियंता जोसेफ बॅझलगेट याने तिचे धक्के बांधले.

आजही मालट्रक, मोटारी आणि पादचारी एकाच पट्टीवरून नौकेवर चढतात. मोटारींच्या रांगेत इंजिन बंद करून बसलेले चालक वर्तमानपत्र वाचतात, पादचारी बाकांवर बसतात, आणि काही मिनिटांत पलीकडचा काठ येतो. तिकीटखिडकी नाही, यंत्र नाही, देणगीपेटीही नाही. एप्रिल 2025 मध्ये जवळच सिल्व्हरटाउन बोगदा सुरू झाला, आणि त्याबरोबर पूर्वी मोकळ्या असलेल्या ब्लॅकवॉल बोगद्यातही मोटारींना शुल्क लागू झाले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील ही नौका आता त्या भागातील मोटारचालकांच्या दृष्टीने पुन्हा महत्त्वाची ठरली आहे.

गोदी कामगारांसाठीच बांधलेला ग्रिनिचचा पादचारी बोगदा 1902 पासून आणि वुलिचचा 1912 पासून आहे. दोन्ही काठांवर काचेच्या घुमटाची छोटी गोल इमारत असते. तिच्यातून लिफ्टने किंवा चक्री जिन्याने खाली उतरले की पांढऱ्या फरशांनी मढवलेली अरुंद नळी नदीच्या तळाखालून जाते. ग्रिनिचचा बोगदा सुमारे 370 मीटर लांब आहे. सायकल हाताने ढकलत न्यावी असे फलक जागोजागी असूनही सायकलस्वार घंटी वाजवत निघून जातात. उत्तर काठावरील आयलंड गार्डन्समधून ग्रिनिचच्या जुन्या नौदल महाविद्यालयाचे सममित दर्शन घडते, आणि पलीकडे गेल्यावर नॅशनल मॅरिटाइम म्युझियम, क्वीन्स हाउस आणि टेकडीचे उद्यान ही तिन्ही विनामूल्य आहेत. वेधशाळेला मात्र तिकीट आहे. 1884 साली वॉशिंग्टन परिषदेने शून्य रेखांश म्हणून स्वीकारलेल्या रेषेवर पाय ठेवून छायाचित्र काढण्यासाठी लोक अंगणात रांग लावतात. अंगणाच्या खालच्या पायवाटेवर, भिंतीलगत, तीच रेषा फलकासह पुढे गेलेली आहे आणि तेथे उभे राहायला काही लागत नाही.

न्याय, कायदा आणि प्रार्थना

फौजदारी खटला उघड न्यायालयात चालावा हे तत्त्व इंग्लंडमध्ये जुने आहे, आणि त्यामुळे ओल्ड बेली या प्रसिद्ध न्यायालयाच्या प्रेक्षागारात कोणालाही बसता येते. 14 वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, आणि मोबाइल, कॅमेरा किंवा मोठी पिशवी आत नेता येत नाही. या वस्तू ठेवायला इमारतीत जागा नसल्यामुळे जवळपासचे दुकानदार थोडे पैसे घेऊन त्या सांभाळतात. न्याय फुकट पाहता येतो, पण फोनचे भाडे पडते. स्ट्रँडवरील उच्च न्यायालयाची 1882 साली सुरू झालेली इमारतही खुली आहे. लोकमान्यांनी पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल याच्याविरुद्ध केलेला अब्रुनुकसानीचा दावा 1919 साली उच्च न्यायालयात चालला आणि फेटाळला गेला, आणि त्या खर्चाने टिळक कर्जबाजारी झाले. टोप घातलेल्या वकिलांचा नाट्यमय युक्तिवाद ऐकायला मिळेल या आशेने जाणाऱ्याला बहुधा तास-दोन तास पानांचे क्रमांक ऐकावे लागतात. तरीही साक्षीदार पिंजऱ्यात आला की दालनातील हवा पालटते.

संसदेच्या अधिवेशनकाळात दोन्ही सभागृहांच्या प्रेक्षागारात विनामूल्य बसता येते. बुधवारी दुपारी बारा वाजता होणाऱ्या पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांना प्रवेशपत्रधारक ब्रिटिश रहिवाशांना अग्रक्रम असल्यामुळे परदेशी पाहुण्याने इतर वेळ निवडावी. उशिरा संध्याकाळी रांग बरीच ओसरते. प्रेक्षागाराकडे जाताना वाटेत वेस्टमिन्स्टर हॉल लागतो, आणि सशुल्क सहलीत दाखवले जाणारे हे दालन येथे अनायासे पाहायला मिळते. ते 1097 साली उभे राहिले, चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्यावर खांबांच्या आधाराविना तोललेले लाकडी छप्पर चढवले गेले, 1649 साली पहिल्या चार्ल्सवरील खटला येथे चालला, आणि बंगालचा गव्हर्नर जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोग येथेच 1788 ते 1795 असा रेंगाळला.

ॲबी आणि सेंट पॉल यांच्या तिकिटांवरही वाट आहे, पण ती काळजीपूर्वक सांगायला हवी. ही प्रार्थनास्थळे पर्यटकाकडून शुल्क घेतात, उपासकाकडून घेत नाहीत. बहुतेक दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास इव्हनसाँग म्हणजे गायनप्रधान सायंप्रार्थना होते. सोळाव्या शतकात आर्चबिशप क्रॅन्मर याने संध्याकाळच्या दोन जुन्या लॅटिन उपासना एकत्र करून ती इंग्रजीत बसवली. पाऊण तासाच्या या उपासनेत गायकवृंदाचे स्वर दगडी कमानींखाली जसे भरून राहतात, तसा अनुभव दुपारच्या गर्दीत तिकीट काढूनही मिळत नाही. कोणत्याही धर्माचा माणूस बसू शकतो. मात्र छायाचित्रे काढणे, फिरणे किंवा मध्येच उठणे चालत नाही. तिकीट चुकवण्याची युक्ती म्हणून जाणाऱ्याने न गेलेलेच बरे.

उंचावरची बाग

फेंचर्च स्ट्रीटवरील वर रुंदावत गेलेला मनोरा उंच इमारतींच्या ठरलेल्या पट्ट्याबाहेर आहे. त्याला परवानगी मिळाली त्यामागच्या कारणांपैकी एक म्हणजे माथ्यावर लोकांसाठी विनामूल्य बाग करण्याचे आश्वासन. नियोजन कायद्यातील कराराने विकासकाकडून असा सार्वजनिक लाभ पदरात पाडून घेण्याची पद्धत ब्रिटनमध्ये रूढ आहे. 2015 च्या जानेवारीत उघडलेल्या या स्काय गार्डनमध्ये आगाऊ नोंदणी करून ठरलेल्या वेळी, विमानतळासारखी तपासणी देऊन जावे लागते. वरून नदी आणि टॉवर ब्रिज उत्तम दिसतात. झाडे आहेत, पण त्यांच्याहून उपाहारगृहांची टेबले आधी नजरेत भरतात. बाग म्हणून मंजूर झालेली ही जागा वस्तुतः खिडक्यांचे मद्यालय आहे. त्याच रस्त्यावरील 120 क्रमांकाच्या इमारतीचे 2019 पासूनचे गच्चीउद्यान उंचीने कमी असले, तरी तेथे नोंदणीची गरज नाही आणि बाकावर डबा उघडून बसता येते. दोहोंपैकी एकच पाहायचे असेल तर हेच पाहावे.

टेट मॉडर्नच्या वरच्या सज्जाची गोष्ट निराळी आहे. 2016 साली खुल्या झालेल्या या मोफत सज्जातून शेजारच्या काचेच्या सदनिकांमधील दिवाणखाने थेट दिसत. रहिवाशांनी दावा केला, आणि 2023 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो उपद्रव असल्याचे ठरवले. लोकांचा फुकट पाहण्याचा आनंद कोठे संपतो, याची हद्द न्यायालयानेच आखून दिली.

पाणी, स्वच्छतागृह आणि सुट्ट्या

1854 च्या पटकीच्या साथीत डॉक्टर जॉन स्नो याने दूषित पंपाचा संबंध दाखवून दिल्यावर स्वच्छ पाणी हा शहराच्या चिंतेचा विषय झाला, आणि 1859 साली सेंट सेपल्कर चर्चच्या कुंपणात पहिली सार्वजनिक पाणपोई बसवली गेली. ती अजून तेथे आहे. आता रेल्वे स्थानकांत आणि संग्रहालयांत बाटली भरण्याचे नळ आहेत, तेव्हा पाणी विकत घेण्याचे कारण नाही. 1851 च्या महाप्रदर्शनात स्वच्छतागृहासाठी एक पेनी घेतली गेली आणि ती रीत शहरात दीर्घकाळ टिकली. मोठ्या रेल्वे स्थानकांवरचे हे शुल्क 2019 साली रद्द झाले. मध्य लंडनमध्ये चालणे हेच सर्वांत स्वस्त वाहन आहे: चौकांतील पिवळ्या माथ्याच्या नकाशाखांबांवर पाच आणि पंधरा मिनिटांत कोठवर चालत जाता येईल याची वर्तुळे काढलेली असतात, आणि भुयारी रेल्वेच्या नकाशावर दूर वाटणारी अनेक स्थानके प्रत्यक्षात एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असतात.

नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी एवढे ध्यानात ठेवावे की 24 ते 26 डिसेंबर या काळात ब्रिटिश म्युझियमसह बहुतेक मोठी संग्रहालये बंद असतात, संसद आणि न्यायालये सुट्टीवर असतात, आणि 25 तारखेला भुयारी रेल्वे व बस दोन्ही धावत नाहीत. त्या दिवशी उद्याने, नदीकाठ आणि स्वतःचे पाय एवढ्यावरच लंडन पाहावे लागते.